कुत्रा शेजारी बसवून अटलांटिकपार: सामायिक जेटची खरी तयारी

अमेरिकेतून लंडनला बिऱ्हाड हलवायचं आणि घरातला कुत्रा विमानात आपल्या पायाशी बसवून न्यायचा, ही इच्छा साधी असली तरी नेहमीच्या विमान कंपन्या ती पुरी करू शकत नाहीत. प्राणी चार किलोचा असो की चाळीस, प्रवासी विमानाने ब्रिटनमध्ये येणारा पाळीव प्राणी कार्गोच्या कागदांवर, विमानाच्या पोटातूनच यावा लागतो. सवलत फक्त मान्यताप्राप्त साहाय्यक कुत्र्यांना आहे. हीथ्रोला उतरल्यावर मालकाची आणि प्राण्याची गाठ पडते ती विमानतळावरच्या प्राणी स्वागत केंद्रात, तपासणी संपल्यावर, बहुधा काही तासांनी.

खासगी विमानाचं तसं नाही. लंडनजवळच्या फार्नबरो किंवा बिगिन हिल यांसारख्या मान्यता असलेल्या विमानतळावर, आधी कळवून उतरलेल्या जेटमधून प्राणी मालकासोबत केबिनमध्ये येऊ शकतो. पण अख्खं जेट भाड्याने घेणं फार थोड्यांना परवडतं. म्हणून ठरलेल्या तारखेचं एक जेट घेऊन त्यातल्या जागा सुट्या विकायच्या, अशी सेवा उभी राहिली. के-नाइन जेट्सने २०२३ पासून न्यू जर्सीच्या टेटरबरोहून अशी उड्डाणं चालवली. मे २०२४ मध्ये बार्क एअर सुरू झाली, तेव्हा न्यूयॉर्क ते लंडन एका बाजूचं तिकीट एक माणूस आणि एक कुत्रा मिळून ८,००० डॉलर होतं. तेव्हाच्या दराने साडेसहा लाख रुपयांच्या वर. तारखा आणि भाडी सतत बदलतात, त्यामुळे हा आकडा फक्त अंदाजासाठी धरा.

एवढे पैसे मोजल्यावर बाकीचं सगळं आपोआप सोपं होईल, असं अनेकांना वाटतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. त्या पैशांत मिळते ती फक्त शेजारची जागा. चिप, लस, दाखला, जंताचं औषध यांचे नियम कार्गोतल्या कुत्र्याला जे लागू असतात, तेच जेटमधल्या कुत्र्यालाही असतात. कागद चुकला तर मऊ चामड्याच्या सीटवरून आलेला कुत्राही मालकाच्या खर्चाने क्वारंटाइनमध्ये जातो, आणि ब्रिटनमध्ये तो मुक्काम चार महिन्यांपर्यंतचा असू शकतो.

हा खर्च कोणासाठी

सगळ्यात आधी चपट्या नाकाची कुत्री. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांची श्वासनलिका मुळातच अरुंद. ताण किंवा उकाडा वाढला की कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि यांना नेमकं तेच नीट जमत नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१० मध्ये आकडे दिले होते: मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत कार्गोत दगावलेल्या १२२ कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी चपट्या नाकाची होती, त्यात २५ बुलडॉग आणि ११ पग. अनेक विमान कंपन्या या जाती कार्गोत घेतच नाहीत. त्यामुळे अशा कुत्र्याच्या मालकापुढे पर्यायच थोडे उरतात.

त्यानंतर म्हातारे कुत्रे, हृदयाचं किंवा फिट्सचं औषध चालू असलेले, आणि पिंजऱ्यात कोंडलं की स्वतःला इजा करून घेणारे. तरुण, धडधाकट, पिंजऱ्याची सवय असलेल्या लॅब्रॅडॉरसाठी मात्र माझ्या मते हा खर्च गरजेचा नाही. चांगला पिंजरा, थंड ऋतू आणि थेट उड्डाण एवढं साधलं तर कार्गोही नीट पार पडतो.

जेटच्या निम्म्याहून कमी खर्चात केबिनचा प्रवास हवा असेल आणि प्राणी लहान असेल, तर आधी युरोपात उतरण्याचा रस्ता आहे. एअर फ्रान्स आणि लुफ्तान्सा पिशवीसकट ८ किलोपर्यंतचा प्राणी केबिनमध्ये घेतात. पॅरिसला उतरून गाडीने कॅले गाठायचं आणि ल शटल या गाड्या वाहून नेणाऱ्या रेल्वेने समुद्राखालच्या बोगद्यातून ३५ मिनिटांत इंग्लंडमधल्या फोकस्टोनला निघायचं. प्राण्यांना ने-आण करणाऱ्या टॅक्सीही या मार्गावर मिळतात. अॅम्स्टरडॅमला उतरलात तर हूक ऑफ हॉलंडहून हार्विचची रात्रीची बोट आहे. मात्र अशा प्रवासात युरोपचा आणि ब्रिटनचा असे दोन्ही दाखले लागतात. मोठ्या कुत्र्यांसाठी न्यूयॉर्क ते साउदॅम्प्टन जाणारं क्वीन मेरी २ हे जहाज आहे. त्यावर प्राण्यांसाठी २४ केनेल्स, म्हणजे छोट्या खोल्या, आहेत, सात रात्रींचा प्रवास आहे, आणि जागा फार आधी भरतात.

कागदांचा क्रम

पहिलं काम मायक्रोचिपचं, म्हणजे कातडीखाली बसवायच्या ओळखक्रमांकाच्या चिपचं. चिप १५ अंकी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची हवी. अमेरिकेत जुन्या कुत्र्यांमध्ये ९ किंवा १० अंकी चिप सापडते, जी युरोपातल्या स्कॅनरला वाचता येईलच असं नाही. अशा वेळी नवी आयएसओ चिप बसवून दोन्ही क्रमांक सगळ्या कागदांवर लिहायचे, किंवा जुनी चिप वाचणारा स्कॅनर स्वतः बरोबर ठेवायचा. जुनी चिप कुत्र्याच्या अंगात राहते, काढावी लागत नाही.

चिपनंतर रेबीजची लस. हा क्रम उलटला तर ती लस हिशेबात धरलीच जात नाही. म्हणजे आधी कळस मग पाया. एकाच दिवशी दोन्ही केलं तर चालतं, पण कागदावर चिपची तारीख लसीच्या तारखेनंतरची दिसता कामा नये. पिल्लांच्या बाबतीत ही चूक सर्रास होते: दवाखाना आधी लस देऊन टाकतो आणि चिप पुढच्या फेरीत बसवतो. उपाय एकच, चिप वाचून पुन्हा लस द्यायची आणि दिवस नव्याने मोजायचे.

लस देताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं, आणि लसीचा दिवस शून्य धरायचा, एक नाही. बूस्टर वेळेत झाला असेल तर पुन्हा थांबायची गरज नाही. पण आधीच्या लसीची मुदत एका दिवसानेही चुकली असेल, तर नवा डोस पहिला डोस मानला जातो आणि परत २१ दिवस. अमेरिकेत एक वर्षाची आणि तीन वर्षांची अशा दोन्ही लशी चालतात, त्यामुळे प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख स्पष्ट लिहिलेली आहे का, ते पाहून घ्या. फक्त 'रेबीज दिली' एवढ्या नोंदीने भागत नाही. लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत आणि चिपचा क्रमांक, हे सगळं हवं.

मग आरोग्य दाखला. अमेरिकेत तो कोणत्याही व्हेटला, म्हणजे पशुवैद्याला, देता येत नाही. अमेरिकी कृषी खात्याची मान्यता असलेला व्हेटच तो भरू शकतो, आणि त्यावर कृषी खात्याच्या एफिस या विभागाचं अनुमोदन लागतं. त्या सही-शिक्क्यापासून दहा दिवसांच्या आत प्राणी ब्रिटनमध्ये पोचायला हवा. त्यामुळे तिकीट महिनाभर आधी घेतलं तरी दाखला शेवटच्या आठवड्यातच करावा लागतो. उड्डाणाआधी आठ ते सात दिवस व्हेटची भेट, त्याच दिवशी कागद अनुमोदनासाठी रवाना, आणि तीन दिवस हातचे राखून, असा हिशेब सुरक्षित. थँक्सगिव्हिंग किंवा नाताळच्या आठवड्यात हेच दिवस निसटतात, कारण कार्यालयही बंद आणि कुरिअरही. व्हेटची वेळ मात्र तिकीट काढलं त्याच दिवशी मागून ठेवा. मान्यता असलेले व्हेट थोडे असतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे रीघ लागते.

दाखला हातात आला की चिपचे पंधरा अंक एकेक करून स्वतः ताडून पाहा, दवाखान्याच्या टेबलावरच. एक अंक इकडचा तिकडे झाला, तर कागदावरचा कुत्रा आणि समोरचा कुत्रा वेगळे ठरतात, आणि पहाटे धावपट्टीशेजारी उभं राहून ते दुरुस्त करता येत नाही. कुत्र्याची जन्मतारीख आणि मालकाचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, तेही बघा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा क्रम असतो. दवाखान्याच्या नोंदीत मधलं नाव गळालेलं असतं किंवा लग्नाआधीचं आडनाव राहिलेलं असतं. हे आठवडाभर आधी सांगितलं तर दोन मिनिटांत सुधारतं.

जंताच्या औषधाचे तास

हा भाग फक्त कुत्र्यांसाठी, मांजरांना लागू नाही. ब्रिटनमध्ये पोचण्याआधी किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास, या खिडकीत व्हेटने स्वतः टेपवर्मवरचं प्राझिक्वांटेल हे औषध द्यायचं आणि तारीख, वेळ, औषधाचं नाव दाखल्यावर लिहायचं. घरी दिलेली गोळी मोजत नाहीत. अनुमोदन आधी होणार असेल, तर ही नोंद नंतर कोण आणि कुठे करणार हे व्हेटशी आधीच बोलून ठेवा.

तास मोजायचे ते उतरण्याच्या वेळेपर्यंत, निघण्याच्या नाही. एक उदाहरण घेऊ. शुक्रवारी रात्री ९ ला टेटरबरोहून उड्डाण आहे. लंडन पाच तास पुढे, प्रवास सात तासांच्या आसपास, म्हणजे फार्नबरोला शनिवारी सकाळी ९ ला उतरणार. औषध मंगळवारी सकाळी १० ला दिलं, तर लंडनच्या घड्याळाने तेव्हा दुपारचे ३ वाजलेले असतात, आणि १२० तासांची खिडकी रविवारी दुपारी ३ ला बंद होते. उड्डाण वेळेवर गेलं तर काहीच अडचण नाही. पण जेटमध्ये बिघाड झाला आणि दोन दिवस गेले, तर सोमवारी सकाळी उतरणारा कुत्रा नियमाबाहेर. तेच औषध गुरुवारी सकाळी १० ला दिलं, तर खिडकी शुक्रवारी दुपारी ३ ला उघडते आणि मंगळवारी दुपारी ३ ला मिटते. आता विमान तीन दिवस रखडलं तरी चालतं.

सामायिक जेटमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. मोठ्या विमान कंपनीचं एक उड्डाण रद्द झालं तर दुसरं संध्याकाळी असतं. इथे दुसरं जेट शोधावं लागतं. शिवाय फार्नबरो शनिवारी-रविवारी सकाळी ८ ते रात्री ८ एवढंच उघडं असतं, आणि टेटरबरोला रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणं टाळण्याचा संकेत आहे. दोन तासांचा उशीर बघता बघता दुसऱ्या दिवसावर जातो. म्हणून औषध उतरण्याच्या साधारण दोन दिवस आधी द्या, त्याहून आधी नको.

भारतातून नेताना

रेबीजच्या बाबतीत ज्यांना सोपे नियम लागू होतात, अशा देशांच्या ब्रिटनच्या आणि युरोपच्या सूचीत अमेरिका असल्यामुळे तिथून निघणाऱ्या कुत्र्याला लस लागू पडली का हे पाहणारी रक्ताची चाचणी लागत नाही. भारत त्या सूचीत नाही. पुण्या-मुंबईहून कुत्रा लंडनला न्यायचा असेल तर चिप, मग लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हायला हवी आणि प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) यायला हवं. म्हणजे लसीपासून उड्डाणापर्यंत चार महिने धराच. नोकरीचं पत्र आल्यावर धावाधाव सुरू केली की कुत्रा मागे राहतो आणि माणसं पुढे जातात. परदेशी बदलीची नुसती कुणकुण लागली तरी चिप, लस आणि रक्ताची चाचणी उरकून घ्या. बूस्टर वेळेवर चालू ठेवले तर त्या चाचणीचा निकाल पुढेही उपयोगी पडतो.

दुबईत विमान बदललं म्हणून कुत्रा दुबईचा होत नाही. तो निघाला भारतातून, तर नियम भारताचेच.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे, आणि तो परदेशातल्या मराठी घरांना नेमका लागू पडतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे १ ऑगस्ट २०२४ पासूनचे नियम कुत्रा कुठून विमानात बसला एवढंच पाहत नाहीत. गेल्या सहा महिन्यांत तो कुठे कुठे होता, हेही पाहतात. भारत कुत्र्यांच्या रेबीजसाठी जास्त धोक्याच्या यादीत आहे. पुण्यातला कुत्रा लंडनला येऊन चार महिने राहिला आणि मग सामायिक जेटने न्यू जर्सीला निघाला, तरी त्याला भारताचेच नियम लागतात. लस अमेरिकेबाहेर झालेली असेल तर ठरावीक फॉर्मवर सरकारी पशुवैद्याची सही, रक्ताची चाचणी आणि नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी केलेलं आरक्षण हवं. अशी केंद्रं जेएफके, लॉस एंजेलिस, मायामी, अटलांटा यांसारख्या मोजक्याच विमानतळांवर आहेत. टेटरबरो त्यात नाही. अशा कुत्र्यासाठी सहा महिने पूर्ण होऊ देणं हाच शहाणपणा.

फक्त ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल अशा कमी धोक्याच्या देशांतच सहा महिने राहिलेल्या कुत्र्याचं मात्र सोपं आहे. वय किमान सहा महिने, अंगात चिप, आणि सीडीसीच्या संकेतस्थळावर भरलेल्या डॉग इम्पोर्ट फॉर्मची पावती. फॉर्म फुकट आहे, कुत्र्याचा स्पष्ट फोटो जोडावा लागतो. फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

लंडनहून लिस्बन किंवा पॅरिसला जाणाऱ्या जेटसाठी एक टीप. ब्रिटनमध्ये मिळालेला जुना पेट पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून युरोपात चालत नाही. दर फेरीला नवा प्राणी आरोग्य दाखला काढावा लागतो.

पैसे भरण्याआधी

जागा विकणारी कंपनी आणि विमान उडवणारी कंपनी बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. विमान कोण चालवणार, त्याच्याकडे कोणता परवाना आहे, आणि ऐन वेळी विमान बदललं तर काय, हे लेखी मागा. अमेरिकेतून सुटणारी अशी सेवा 'पब्लिक चार्टर' म्हणून विकली जात असेल तर परिवहन खात्याच्या भाग ३८० चे नियम लागतात. प्रवाशांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात (तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात) किंवा हमीखाली ठेवावे लागतात. निघायला दहा दिवसांहून कमी राहिले की जागा भरल्या नाहीत या कारणाने उड्डाण रद्द करता येत नाही, आणि भाडंही वाढवता येत नाही. तारीख किंवा शहर बदललं तर तो मोठा बदल धरला जातो आणि प्रवाशाला पैसे परत मागता येतात. उड्डाण रद्द झालं तर १४ दिवसांत परतावा. करारात ही कलमं दिसत नसतील, तर विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर जागा घेऊ नका.

किमान किती जागा भरल्या की उड्डाण पक्कं, हा प्रश्न सगळ्यात कळीचा. तो आकडा गाठला नाही की तारीख पुढे ढकलली जाते. घराचा करार संपलेला, फर्निचर बोटीवर गेलेलं, आणि जेट दोन आठवडे पुढे, ही वेळ खूप जणांवर येते. म्हणून उड्डाणाच्या तारखेनंतर किमान दोन आठवडे राहायची सोय हाताशी ठेवा.

व्हॉट्सअॅप किंवा फेसबुकच्या गटांत चार-पाच कुटुंबं मिळून अख्खं जेट घेतात, तोही प्रकार चालतो. त्यात करार एकाच्या नावावर असतो आणि बाकीच्यांचे पैसे त्याच्या खात्यात. एका कुटुंबाने माघार घेतली की उरलेल्यांचा वाटा वाढतो. एखादा गडी परवान्याशिवाय अशा जागा नफ्यावर विकत असेल, तर तो बेकायदा धंदा झाला आणि अपघातात विमाही हात वर करू शकतो. गटाने जायचंच असेल तर प्रत्येक कुटुंबाने थेट परवानाधारक ऑपरेटरशी किंवा नोंदणीकृत ब्रोकरशी सही करावी.

आणखी विचारायचं ते असं: तुमच्या कुत्र्याच्या वजनाला एक जागा पुरते की दुसरी घ्यावी लागते, माजावर आलेली कुत्री चालते का, उतरल्यावरच्या प्राणी तपासणीचं शुल्क भाड्यात धरलंय का, सामान किती किलो. इंग्लंड-वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली जातीचा कुत्रा सूट प्रमाणपत्राशिवाय पाळणं गुन्हा आहे. पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांवर बंदी आधीपासूनच आहे. त्यांच्यासारखा दिसणारा मिश्र जातीचा कुत्राही अडकू शकतो, कारण पोलीस अंगकाठी बघतात, वंशावळ नाही.

माणसांचे कागदही विसरू नका. जेटने गेलं तरी भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा लागतोच, आणि अमेरिकन पासपोर्टला ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए ही ऑनलाइन प्रवास परवानगी.

केबिनमधले सात तास

गल्फस्ट्रीम जी-४ सारख्या जेटची केबिन सुमारे ४५ फूट लांब, सात फुटांहून थोडी रुंद आणि सहा फूट उंच. एवढ्या जागेत आठ-दहा माणसं आणि तितकेच कुत्रे असतात. म्हणून ज्या कुत्र्याला अनोळखी कुत्रा तीन फुटांवर सहन होत नाही, त्याच्यासाठी ही सोय नाही. हे मालकाने प्रामाणिकपणे आधीच मान्य करायला हवं, बाकीच्यांच्या प्राण्यांसाठीही. जाळीचं मुसकं आधी महिनाभर रोज पाच-पाच मिनिटं, खाऊ देत देत घालायची सवय करा. विमानात पहिल्यांदा घातलं तर कुत्रा ते पंजाने ओरबाडत बसतो.

मोकळ्या केबिनचा अर्थ पट्टा सोडायचा असा नाही. उड्डाण, उतरणं आणि हवेतले हेलकावे यांच्या वेळी छातीच्या हार्नेसला छोटा पट्टा लावून तो सीटबेल्टमध्ये अडकवतात. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच अडकवू नका, झटका मानेवर येतो. पायाखाली न घसरणारी रबरी चटई घाला. गुळगुळीत जमिनीवर पाय सरकला की मोठा कुत्रा घाबरून उठाबशा काढत राहतो.

केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा तसा असतो आणि हवा फार कोरडी. निरोगी कुत्र्याला याचा त्रास होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर व्हेटला हा आकडा सांगूनच परवानगी घ्या. कानांत दडे बसण्यावर गिळणं हाच उपाय: चढताना आणि उतरताना चाटायची चटई किंवा चघळायला काहीतरी. उतरायला सुरुवात झाल्यावर मोठ्या कुत्र्याला झोपू देऊ नका.

शेवटचं जेवण निघण्याआधी चार ते सहा तास, नेहमीच्या निम्मं. पाणी बंद करू नका, दर तासाला थोडं थोडं द्या. गुंगीचं औषध शक्यतो नकोच. त्याने रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सावरत नाही, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यात श्वास आणखी अडतो. भीती फार असेल तर व्हेट सौम्य औषध देतो, पण त्याचा एक डोस दोन आठवडे आधी घरी देऊन सहा तास लक्ष ठेवायचं. काही कुत्रे त्याने शांत होण्याऐवजी बेचैन होतात, आणि ते समुद्रावर कळून उपयोग नाही.

शू-शीचा प्रश्न सगळ्यांना पडतो. मोठा कुत्रा रात्रभर आठ-दहा तास रोखून धरतो, त्यामुळे रात्रीचं उड्डाण बरं. तरी शोषक पॅडवर करायची सवय दोन आठवडे लावा. मालकाने घरातल्या पॅडवर कुत्र्याने आधी शू केलेल्या गवताचा तुकडा ठेवला की त्याला लवकर उमजतं. पश्चिमेकडे येताना समोरून वारा असतो, वेळ तासाभराने वाढतो, आणि एखाद्या वेळी इंधनासाठी मध्येच उतरावं लागतं. तेव्हा प्राण्याला सहसा खाली उतरवता येत नाही.

मांजराला मोकळं सोडू नका, केबिन कितीही आलिशान असो. मऊ पिशवी, आत हार्नेस घातलेलं मांजर, वर पातळ चादर. फेरोमोनचा (मांजराला शांत करणाऱ्या गंधद्रव्याचा) फवारा पिशवीत मांजर ठेवण्याच्या पंधरा मिनिटं आधी मारायचा, म्हणजे त्यातला अल्कोहोल उडून जातो. बसायची जागा कुत्र्यांपासून दूर, बहुधा मागच्या बाजूला मागून घ्या. वापरून टाकायचा कागदी ट्रे आणि दोन मुठी वाळू शौचालयात पुरते.

खाद्य मोजकंच न्या. मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून ब्रिटनमध्ये आणि युरोपात नेण्यावर बंधनं आहेत, त्यात प्राण्यांचं खाद्यही आलं. उरलेलं विमानातच सोडा, आणि पहिल्या आठवड्यासाठी तेच खाद्य तिथे कुठे मिळतं ते आधी शोधून ठेवा. नवं खाद्य आणि नवं घर एकाच दिवशी आलं की पोट बिघडतंच.

उतरल्यावर

त्याआधी निघतानाचं थोडं. खासगी टर्मिनलवर रांग नसते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेटरबरो गाडीने तासाभरावर. निघण्याआधी दीड-दोन तास पोचा, म्हणजे कुत्र्याला बाहेरच्या गवतावर नीट अर्धा तास चालवता येतं. मूळ कागद हातातल्या पिशवीत, सामानात नाहीत. सोबत रंगीत प्रती आणि फोनमध्ये फोटो.

ब्रिटनमध्ये विमान थांबलं की कोणी लगेच उतरत नाही. मान्यता असलेला तपासनीस येतो, चिप स्कॅन करतो, दाखल्यावरचा क्रमांक, लसीच्या तारखा आणि टेपवर्मच्या औषधाची वेळ पडताळतो. कुत्रा आधीच थकलेला असतो, आणि अनोळखी हात मानेवर आला की गुरगुरतो. म्हणून चिप कुठे सरकली आहे ते आधी व्हेटकडून बघून ठेवा. खांद्यांच्या मधोमध बसवलेली चिप कोपरापर्यंत घसरलेली सापडते. ती जागा स्वतः दाखवली आणि कुत्र्याचं तोंड आपल्याकडे धरलं, की काम मिनिटात होतं.

नंतर ब्रिटनमधल्या मान्य डेटाबेसमध्ये चिपवर नवा पत्ता आणि फोन चढवा. अमेरिकेतली नोंद तिथे दिसत नाही. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजरांनाही चिप सक्तीची आहे. आणि पहिल्या फेरीला बाहेर पडण्याआधी कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला बदला: सार्वजनिक जागी त्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि जुन्या बिल्ल्यावर न्यू जर्सीचा पत्ता असतो.